सिस्टर, आमचा नंबर कधी येईन?

एका शिफ्टमध्ये हे वाक्य किती वेळा ऐकते ते मोजायचं मी एकदा ठरवलं होतं, चाळीसच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. लोकांचंही चूक नाही म्हणा. बँकेत टोकन, रेशनला लाईन, सलूनमध्ये बाकड्यावर बसायचं, तर्रीपोह्याच्या गाडीवर सुद्धा जो आधी आला त्याची प्लेट आधी. जन्मभर हेच पाहिलेलं असते. मग रात्री साडेअकराला पोराचा हात धरून आपण धावत दवाखान्यात यायचं, खुर्चीवर बसायचं, आणि आपल्यामागून आलेला माणूस आपल्यासमोरून आत जाताना पाहायचा. डोकं फिरतेच. माझंही फिरलं असतं.

मी आता चौथं वर्ष कॅज्युअल्टीच्या ट्राएज डेस्कवर आहे, म्हणजे आलेल्या पेशंटपैकी कोणाला आधी आत न्यायचं ते ठरवायच्या टेबलावर. नागपुरातला एक प्रायव्हेट दवाखाना, नाव जाऊ द्या. त्याआधी आठ वर्षं फीमेल मेडिसिन वॉर्डात काढली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाल्या झाल्या तिथंच लागली होती, सगळं पाठ झालेलं, कोणत्या बेडचा पंखा आवाज करते ते पण. २०२२ च्या मे महिन्यात एनएबीएचची, म्हणजे दवाखान्याच्या दर्जाच्या सर्टिफिकेटची, तयारी सुरू झाली आणि मॅनेजमेंटला आठवलं की आपल्याकडं ट्राएजच नाही. तोपर्यंत आमच्या कॅज्युअल्टीत एकच पद्धत होती, ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याला बेड आधी. खोटं नाही सांगत. दोन जणी पाहिजे होत्या, एक तयार झाली, दुसरी म्हणून माझं नाव टाकलं. मी घरी येऊन रडली होती. वॉर्डात पेशंट आपल्याकडे येतो तेव्हा कोणीतरी आधीच त्याला पाहिलेलं असते, फाईल असते, डायग्नोसिस लिहिलेलं असते. इथं दारातून काय आत येईल काही भरवसा नाही, आणि त्याच्याकडं पाहणारी पहिली मीच.

दोन दिवसाचं ट्रेनिंग झालं. बाहेरून एक सर आले होते, त्यांनी सांगितलं की ट्राएज हा फ्रेंच शब्द, म्हणजे निवडणं, वेगवेगळं काढणं, नेपोलियनच्या फौजेत लॅरे नावाचा सर्जन होता त्यानं लढाईत जखमी सैनिकांना हुद्दा न पाहता, जखम किती गंभीर आहे ते पाहून उपचार द्यायला सुरुवात केली वगैरे. मी वहीत लिहिलं आणि विसरली. लक्षात राहिलं ते आमच्या इन्चार्ज सिस्टरचं. त्या भंडाऱ्याकडच्या, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिली, चष्मा कपाळावर न हातात घड्याळ, सेकंदकाट्याचं. त्या म्हणे, "तांदूळ निवडतेस न घरी? तसंच हाय. फक्त तिथं आपण खडे फेकतो, इथं खडे आधी उचलाचे."

डेस्क म्हणजे काय तर दाराच्या आत डाव्या हाताला एक टेबल, बीपी मशीन, थर्मामीटर, ऑक्सिजन पाहायला बोटाला लावायचा प्रोब, साखर पाहायला ग्लुकोमीटर, तीन रंगांच्या स्टिकरचे रोल (लाल म्हणजे लगेच आत, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकते), आणि पेशंटसाठी एक खुर्ची. इन्चार्जनी पहिल्याच दिवशी टेबल फिरवून घेतलं, कारण आधी माझी पाठ दाराकडे येत होती. दारापासून खुर्चीपर्यंत दहाबारा पावलं आहेत. त्या म्हणे अर्धं काम त्या दहा पावलात होते. माणूस स्वतः चालत येऊन राहिला की दोघांनी धरून आणला, चालताना बोलून राहिला का, बोलताना वाक्य पूर्ण होते की दोन शब्दाला थांबून दम घ्यावा लागते, चेहरा पांढरा पडला का, घाम कसा आहे, आणि तो आपल्याकडं पाहते की त्याला कशातच रस नाही. लहान लेकरू असलं तर आईच्या खांद्यावर ते कसं पडलं आहे ते पाहायचं. रडणारं लेकरू पाहून मला आता बरं वाटते, जोरात रडते म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे. जे लेकरू सुई पाहून पण रडत नाही त्याला घेऊन मी पळते.

त्यानंतर ठरलेला क्रम. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास कसा आहे, मग नाडी, बीपी, नख दाबून सोडलं की दोन सेकंदात लाली परत येते का, मग शुद्धीवर आहे का, मग साखर, मग अंगावर कुठं काही लपलेलं आहे का. यात कुठंही गडबड दिसली की तिथंच थांबायचं आणि लाल. पुढचे प्रश्न आत बेडवर. छातीत दुखतं म्हटलं तर १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, मग तो माणूस गॅस म्हणो की ॲसिडिटी म्हणो की काल सावजी खाल्लं म्हणो. तोंड वाकडं, हात गळलेला, बोली अडखळते, अशी लकव्याची केस आली की पहिला प्रश्न एकच, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं यांना?" कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासाच्या आतच देता येते. नातेवाईक सांगतात "आत्ताच झालं", आणि खोदून विचारलं की कळते सकाळी चहाच्या वेळेपासून कप हातातून सुटून राहिला होता.

आमच्याकडे रंग तीनच, लाल, पिवळा, हिरवा. काही मोठ्या ठिकाणी पाच पातळ्या असतात. इंग्लंडात मँचेस्टरची पद्धत आहे त्यात तर वेळच ठरवून दिला आहे, लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटं, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. ट्रेनिंगमध्ये २४० ऐकून आम्ही सगळ्या हसलो होतो. चार तास कोणाला बसवून दाखवा बाप्पा नागपुरात, काच फुटून जाईन रिसेप्शनची.

मशीनचे आकडे घ्यायला मला काही अडचण नव्हती, आठ वर्षं तेच केलं. पण पहिल्या आठवड्यात इन्चार्जनी माझे केस पेपर घेतले, एकेक पाहिले, आणि विचारलं, "सगळ्याईचा श्वास २० च कसा काय व?" मी गप. वॉर्डात आम्ही सगळ्याच जणी तेच करायचो, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या चार्टमध्ये श्वासाच्या रकान्यात मिनिटाला १८ नाहीतर २०, म्हणजे नॉर्मल. बीपी मशीन सांगते, प्रोब सांगते, थर्मामीटर सांगते, श्वास मोजायला मात्र मिनिटभर उभं राहून माणसाच्या छातीकडं पाहावं लागते, कोणाकडं वेळ आहे. त्या म्हणे, "मोजला का लिवला?" मी म्हटलं लिहिला. "मंग खोडून टाक. नाही मोजला तं रिकामा ठेव, पन खोटा नको लिवू." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मे महिन्याचं सांगते, कारण नागपूरच्या कॅज्युअल्टीत काम केलं आणि मे पाहिला नाही असं होत नाही. आमच्याकडचा रेकॉर्ड ४७.९ डिग्रीचा आहे, २३ मे २०१३ चा, पण ४४-४५ म्हणजे काही बातमीच नाही, दुपट्टा बांधून लोक कामाला जातातच. अशाच एका मे महिन्यात दुपारी अडीच-तीनच्या सुमारास दोन पोट्टे एका माणसाला ऑटोतून घेऊन आले. स्लॅबच्या कामावरचा मजूर, चाळिशीचा असेल. बडबड करून राहिला होता, कोणालातरी शिव्या देऊन राहिला होता, पाय टाकते कुठं पडतात कुठं. तोंडाला वास येत होता थोडा. सोबतच्या पोट्ट्यानंच सांगितलं, "सिस्टर, घेतली असन थोडी, सलाईन लावून द्या, होते ठीक." आणि माझ्या मनात स्टिकरचा रंग ठरून गेला होता, खरं सांगते, हिरव्याकडं हात गेला होता. दारूडा, झोपला की उतरेल.

बीपीचा पट्टा गुंडाळायला दंडाला हात लावला आणि हात मागं घेतला. तवा. कातडी कोरडी खडखडीत आणि अशी गरम की ग्लोव्हजमधून चटका लागावा. थर्मामीटरनं काखेत १०५.४ दाखवले, आणि काखेतलं म्हणजे आतलं त्याहून जास्तच. आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइट, आणि त्यात माणूस भ्रमात, म्हणजे उष्माघात धरूनच चालायचं, दारू प्यायला असला तरी. दारू आणि उष्माघात एकाच माणसाला होऊ शकतात, उलट प्यायलेल्याला जास्त लवकर होते. लाल. आत घेतलं, कपडे काढले, ओल्या चादरी, दोन टेबलफॅन, मावशी बादलीतून पाणी शिंपडून राहिल्या, काखेत न जांघेत बर्फ. आमच्या फ्रीजमधला बर्फ पाच मिनिटांत संपला. मग आमचे वॉर्डातले मामा समोरच्या रसवंतीवर पळत गेले आणि रसवाल्याची बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आले, रसवाला पण मागं मागं आला, पैशासाठी नाही, काय झालं ते पाहायला. त्या माणसाचं तापमान अर्ध्या तासात बरंच खाली आलं. उष्माघातात डॉक्टर कोण, औषध कोणतं, याच्या आधी अंग किती लवकर थंड केलं हे महत्त्वाचं असते. त्या दिवसापासून मी कोणावर "प्यायलेला" असा शिक्का मारायच्या आधी साखर न ताप पाहतेच. साखर ४० वर आलेला माणूस पण अगदी दारूड्यासारखाच वागते.

हे झालं जमलेलं. आता न जमलेलं.

पाऊस होता त्या दिवशी, जुलैचा शेवट, संध्याकाळपासून झडी लागलेली. उमरेडकडचा एक पोट्टा आईसोबत आला, वय १९, इथंच कॉलेजला. चालत आला, खुर्चीवर बसला, म्हणे सिकल आहे, पाय न पाठ दुखून राहिली दुपारपासून. विदर्भात सिकल, म्हणजे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, काही नवीन नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, बऱ्याच खानदानांत कोणी न कोणी निघते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारक्या रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडात अशा कळा येतात की मोठे माणसं गुरासारखे ओरडतात. थंडीत भिजलं, पाणी कमी प्यायलं, ताप आला की क्रायसिस येते. मला हे पुस्तकातून नाही माहिती. माझं स्वतःचं रक्त एएस पॅटर्नचं आहे, सिकल आईबापापैकी एकाकडूनच आलेली. म्हणजे मला त्रास नाही, पण नवराही एएस असता तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की लेकरू एसएस, म्हणजे दोन्हीकडून सिकल आलेलं, आजारवालं निघेल. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांचा रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय बाबांनी बैठकच होऊ दिली नव्हती, केवढं बोलून राहिले होते लोक तेव्हा.

तर एवढं सगळं माहीत असलेल्या मी काय केलं. बीपी ११०/७०. पल्स १०८. ताप ९९.८. ऑक्सिजन ९५. विचारलं १० पैकी किती दुखते, तो म्हणे आठ. आणि हे सांगताना त्याची नजर मोबाईलवर. अंगठ्यानं रील सरकवून राहिला होता. मी मनात म्हटलं, आठ? आठ असतं तर मोबाईल धरवला नसता. शेजारी एक बाई पोट दाबून किंचाळून राहिल्या होत्या, एक काका हाताला टॉवेल गुंडाळून उभे, टॉवेलमधून रक्त टपकून राहिलेलं. ह्यो शांत. मी हिरवा लावला. शिकवलेलं होतं की सिकलचा पेशंट दुखतं म्हणून आला की त्याला मागं ठेवायचं नाही, तासाभराच्या आत दुखण्याचं इंजेक्शन मिळालंच पाहिजे, कमीत कमी पिवळा. तरी हिरवा लावला. श्वासाच्या रकान्यात काय लिहिलं असेल सांगा. २०.

पन्नास मिनिटांनी इन्चार्ज चहा घेऊन तिकडून चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्या पोट्ट्याशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या, कप डाव्या हातात, उजव्या हाताचं घड्याळ वर. मी टेबलावरून पाहून राहिली होती आणि मला कळलं त्या काय करून राहिल्या ते, माझ्या पोटात खड्डा पडला. पूर्ण एक मिनिट. मग कप तिथंच खिडकीत ठेवला आणि मला हाक मारली. "बत्तीस." प्रोब लावला, ९०. आता कुठं त्याला विचारलं की छातीत पण दुखते का, तर म्हणे, हो, घंटाभरापासून, खोल श्वास घेतला की सुरी मारल्यावाणी होते, म्हणून हळूहळू घेऊन राहिलो. आई म्हणे, "मी म्हनलं सिस्टरले सांगून येतो, तं ह्योच म्हने गर्दी आहे, राहू दे."

सिकलच्या पेशंटला छातीत दुखणं, ताप, ऑक्सिजन खाली, याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. फुप्फुसातच पेशी अडकायला लागतात, ऑक्सिजन कमी झाला की अजून पेशी वाकड्या होतात, त्या अजून अडकतात. यात माणूस जाऊ शकतो. स्टिकर लाल झाला, ऑक्सिजन, दुखण्याचं इंजेक्शन, एक्स-रेत उजवीकडं खाली डाग, अँटिबायोटिक, रात्री रक्ताची पिशवी लागली. सहा दिवस राहिला, चालत घरी गेला. मी तिसऱ्या दिवशी आयसीयूत जाऊन आली. विचारलं, एवढं दुखत होतं तर मोबाईल कसा पाहत होता रे. तो हसला. म्हणे, "मॅडम, लहानपणापासूनच दुखते न. ओरडून काही कमी नाही होत. मोबाईल पाहिला तर लक्ष तिकडं जाते." इन्चार्ज मला त्याच रात्री बोलल्या होत्या, एकच वाक्य, "तू पोराचा श्वास नाही मोजला, मोबाईल मोजला."

मला इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा होता. त्यात "कारण" असा रकाना असते. मी लिहिलं, त्या वेळी गर्दी होती. मग रजिस्टर उघडून पाहिलं तर त्या तासात सहा पेशंट. सहा. मी तो कागद फाडला, दुसरा घेतला.

त्यानंतर आमच्याकडे एक गोष्ट बदलली, म्हणजे लिहिलेली आधीपासून होती, करणं सुरू झालं. बसवलेल्या लोकांना परत पाहायचं. पिवळा असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी, हिरवा असेल तर निदान अर्ध्या तासानं. मी उठून खुर्च्यांच्या रांगेतून फिरते. लोकांना वाटते ही सिस्टर पाय मोकळे करून राहिली. स्टिकरचा रंग म्हणजे काही जातीचा दाखला नाही, एकदा मिळाला की जन्मभर तोच. पोटात दुखतं म्हणून आलेली बाई अर्ध्या तासात पांढरी पडू शकते. पल्सचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याजवळ यायला लागला की मी उभी राहते, बीपी शंभर न पल्स शंभर म्हणजे आत कुठंतरी गळती असू शकते, बीपी "नॉर्मल" दिसत असलं तरी. आणि तुम्ही कोणासोबत बसले असाल आणि तब्येत बदलली वाटली तर उठून या, सांगा, आम्ही चिडल्यासारखे दिसतो पण चिडत नाही. त्या पोट्ट्याला "राहू दे" वाटलं हे माझ्या तोंडाकडं पाहूनच वाटलं असेल.

आता नातेवाईक. एक प्रकार म्हणजे फोनवाले. समोर येतात, काही बोलत नाहीत, फोन पुढं करतात, "साहेबांशी बोला". कोणते साहेब ते तुम्हीच समजून घ्यायचं. सुरुवातीला मी घाबरून फोन घ्यायची. आता म्हणते, भाऊ, माझ्या हातात ग्लोव्हज आहेत, रक्त लागलं आहे, स्पीकरवर टाका न. स्पीकरवर टाकला की सगळी वेटिंग ऐकते आणि साहेब एकदम नम्र होतात, "नाही नाही सिस्टर, तुमच्या हिशोबानं पाहा". दुसरा प्रकार, आल्या आल्या विचारतात, आधी पैसे भरू का, पोलिस केस आहे तर चालेल का. संक्रांतीच्या आठवड्यात हे फार. नायलॉन मांजानं गळा चिरलेला बाईकवाला, सोबत आणणारा अनोळखी माणूस, आणि तो दारातच थबकलेला, आपल्यावर काही येईल का म्हणून. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलं की जीव आधी, कागद नंतर, तरी लोकांच्या मनातून भीती जात नाही. गळ्याच्या जखमेवर दाब धरून त्यानं आणलेलं असते, तेच सगळ्यात मोठं काम असते. मी त्याला म्हणते, हात काढू नका, तसेच आत चला माझ्यासोबत.

आणि एकदा वऱ्हाडाची गाडी पलटली होती, रिंग रोडला, एकदम अकरा जण आले. तेव्हा हे नेहमीचं बीपी-बिपी सगळं बाजूला राहते. इन्चार्ज दारात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ज्याले चालता येते त्यानं तिकडं त्या भिंतीजवळ जा!" सात जण गेले, नवरीची करवली पण, एका पायात चप्पल. ते सात हिरवे. बाकी चौघांजवळ आम्ही दोघी, तीनच गोष्टी, श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का, नख दाबलं की दोन सेकंदात रंग येते का, "माझा हात दाबा" म्हटलं की दाबते का. प्रत्येकाला अर्धा मिनिट. भिंतीजवळून एक आजोबा ओरडून राहिले होते की आमच्या पोराला आधी पाहा, तो पोरगा त्यांच्या बाजूलाच उभा राहून फोनवर कोणाला तरी लोकेशन पाठवून राहिला होता. अर्थात मी आता मोबाईलवर भरवसा ठेवत नाही, दहा मिनिटांनी त्याच्याकडं पण जाऊन आली. बरा होता.

घरी सासूबाई विचारतात, तू काय डॉक्टर आहेस का ठरवायला. नाही. मी बिमारी ठरवत नाही, फक्त कोण थांबू शकते ते ठरवते. आजार कोणता ते आत ठरेल. पण थांबायला लावणं हे पण कोणालातरी करावं लागते आणि त्याच्या शिव्या पण कोणालातरी खाव्या लागतात. एका काकांनी मला "भैताड" म्हटलं होतं, बोट कापलं होतं त्यांचं, पावणेदोन तास बसले. टाके पडल्यावर जाताना परत आले आणि विचारलं, तो जो आमच्यामागून आला न आधी गेला त्याचं काय झालं? मी सांगितलं वर नेलं, अँजिओप्लास्टीला. ते म्हणे बरं. भैताड परत घेतलं नाही.

सिकलवाला पोट्टा मागच्या डिसेंबरात परत आला. थंडी पडली होती, कानाला मफलर, हातात तोच मोबाईल, काच तडकलेली. आई नव्हती, रूममेट होता. मला ओळखलं. म्हणे, "मॅडम, आज छाती नाही, फक्त गुडघे." मी पिवळा स्टिकर काढून त्याच्या पेपरवर लावला, सीएमओंना, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना, हाक मारून इंजेक्शनचं सांगितलं, आणि घड्याळ वर करून त्याच्या स्वेटरकडं पाहायला लागली. अकरापर्यंत आली होती तेवढ्यात मागून कोणीतरी टेबलावर हात आपटला, "ओ सिस्टर, आम्ही याच्या आधी आलो न!" आकडा गेला. मी हातानं त्यांना थांबा म्हटलं आणि परत पहिल्यापासून मोजायला घेतलं.